गुजरीतला गुडघा

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे आमच्या सोनारांच्या पेठेत, साज घडवणारा माणूस पन्नाशीपर्यंत मांडी घालून ऐरणीपुढं बसतो आणि पन्नाशीनंतर भिंत धरून उठतो. माझा उजवा गुडघा आतल्या बाजूनं झिजलाय. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, सांध्यातली गादी परत भरून येत नाही. वजन उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा, खाली बसणं बंद. शेवटचं ऐकून सौ. म्हणाल्या, "अहो, मग साज कोण घडवणार?"

मेव्हण्याचं आपलं एकच, "दाजी, एकदा टोचून तर बघा." राजारामपुरीत एक बाई ॲक्युपंक्चर करतात, तिकडं गेलो. धंद्याची खोड, पहिली चौकशी सुईची केली. स्टीलची, जाडीला पाव मिलिमीटर, एकदा वापरली की टाकायची. बाईंनी मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, छातीत पेसमेकर आहे का, हे आधी विचारलं. मग वाटीखालच्या दोन खळग्यांत दोन सुया, नडगीच्या बाहेरच्या अंगाला चार बोटं खाली एक, आतल्या अंगाला एक. टोचलेलं फारसं कळत नाही. आत गेल्यावर एक जड, सुस्त कळ उठते. बाईंना तीच हवी असते. वर बारीक करंट लावून पडून राहायचं.

फरक पडला. रात्री कूस बदलताना झोप मोडत नाही. जोतिबाच्या पायऱ्यांचं नाव अजून काढत नाही.

पोरगी फार्मसी शिकते, तिनं मोबाईलवर गुडघ्याच्या झिजेवरचा एक जर्मन अभ्यास दाखवला. २००६ सालचा, हजारावर रुग्णांचा. ॲक्युपंक्चरच्या नेमक्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना गुण आला. भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ५१. सुया न लावता नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २९. कसोटीवर अस्सल आणि नकली सोन्याची रेघ सारखीच उमटली, तर आम्ही कसोटीच बदलली असती! कुठला उपचार द्यावा हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२२ मध्ये सांधेझिजेला हा सुयांचा उपचार देऊ नका असं सांगितलं. अमेरिकेतले संधिवाततज्ज्ञ २०१९ मध्ये फार जोर न देता, चालेल म्हणाले होते.

बिंदूंच्या नकाशावर माझा विश्वास नाही. आराम मात्र खरा आहे, म्हणून दुखणं वाढलं की जातो. महिन्याचे पैसे आधीच भरा, असं बाई म्हणाल्या, तेवढं नको म्हटलं. त्या पैशांत सुताराकडून उंच बाक करून घेतला. आता ऐरण वर आणि मी स्टुलावर. गिऱ्हाईक नसलं की पाय सरळ ताठ करून दहा अंक मोजतो. शेजारचे हसतात, हसू देत.