पंखा पाचवर
काल रात्री पुन्हा तीनदा उठलो. दोनदा लघवीला, एकदा घामाने. बनियन पिळून काढावा इतका घाम, आणि तोही डिसेंबरात! प्रोस्टेटच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून ८ महिने झाले, पण दर ३ महिन्यांचं हार्मोनचं इंजेक्शन चालूच आहे.

आज तपासणी होती. पीएसए, म्हणजे या कॅन्सरवर नजर ठेवणारा रक्तातला आकडा, ०.१ च्या खाली. डॉक्टर खूश. फाइल मिटणार, तेवढ्यात ही म्हणाली, "ह्यांना झोप नाही. आणि आमचं... ते बाकीचंही बंदच आहे." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. ६४ व्या वर्षीही कान लाल होतात म्हणायचे!

डॉक्टर मात्र शांत. इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन उतरतं, म्हणून अंगातून वाफा निघतात, इच्छाही जाते. बायकांना पाळी जाताना होतं, साधारण तसंच. ती सुप्रसिद्ध गोळी, व्हायग्रा, मला चालणार नाही, कारण छातीदुखीसाठी नायट्रेट घेतो. दोन्ही एकत्र घेतलं तर रक्तदाब कोसळतो. तिच्याऐवजी पंपाचा उपाय आहे म्हणे. (वर्षभर मी हे विचारलंच नव्हतं. पीएसएचे आकडे मात्र तोंडपाठ.)

येताना रिक्षात ही म्हणाली, "माझ्या वेळी मी पंखा पाचवर ठेवायचे, तेव्हा तुम्ही किती कुरकुरायचात, आठवतंय?"

आत्ता पंखा पाचवर आहे. ती गोधडीत.