बडोद्याहून चांपानेर, सोमनाथ, दीव, द्वारका: लग्नानंतरचे आठ दिवस

सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले आणि हातावरची मेंदी उतरायच्या आत आम्ही निघालो. गोवा, केरळ, बाली अशी नावं महिनाभर घरात घोळत होती. शेवटी आजीनं विचारलं, ‘अगं, कोडीनार पाहिलंय का तुमच्यात कुणी?’ तिचे वडील गायकवाडी राज्यात शिक्षक होते. बदली कोडीनारला झाली आणि आजीचा जन्म तिथलाच. अमरेली, कोडीनार, द्वारका, ओखा ही सगळी गावं बडोदा संस्थानातली. बडोद्यातल्या दांडिया बाजारात वाढूनही मी यातलं एकही पाहिलं नव्हतं. नवऱ्याला समुद्र हवा होता, मला जुनी गावं. दोघांचंही जमलं.

पहिला दिवस चांपानेरला द्या, हे मी आग्रहानं सांगेन. बडोद्यापासून जेमतेम 50 किलोमीटर, म्हणून आपण ते शाळेच्या सहलीपुरतं ठेवतो. पण दीवचा किल्ला कळायचा तर सुरुवात इथून करावी लागते. 1535 मध्ये हुमायूननं चांपानेर घेतलं. गुजरातचा सुलतान बहादूरशाह पळून दीवला गेला आणि मदतीच्या आशेनं त्यानं पोर्तुगीजांना तिथे किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांत, त्याच दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांबरोबरच्या झटापटीत त्याचा शेवट झाला. हे डोक्यात ठेवून जामी मशिदीच्या कोरीव खांबांमधून हिंडलो, तेव्हा ते ओसाड शहर वेगळंच दिसलं. रविवारी आणि नवरात्रात जाऊ नका, पावागडच्या कालिकामातेच्या दर्शनाला फार गर्दी असते. सकाळी लवकर पोहोचलात तर चांपानेर जवळजवळ तुमचं एकट्याचं.

रात्रीच्या गाडीनं वेरावळ, तिथून रिक्षानं सोमनाथ. मोबाईल, कॅमेरा, पिशव्या देवळाबाहेर जमा कराव्या लागतात, म्हणून शक्यतो सगळं खोलीवरच ठेवून निघा. आरती सकाळी 7, दुपारी 12 आणि संध्याकाळी 7 ला. आम्ही संध्याकाळची धरली. मागे समुद्र, समोर घंटा, आणि दोघंही बोलायचं विसरलो. आजचं मंदिर स्वातंत्र्यानंतरचं, 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. पण तिथून चार पावलांवर अहिल्याबाईंनी 1783 मध्ये बांधलेलं देऊळ आहे. बहुतेक लोक मोठं मंदिर पाहून परत फिरतात. तसं करू नका. पायऱ्या उतरून खाली शिवलिंगापाशी गेलो, तिथे थंडावा होता आणि शांतता होती. सोमनाथ उद्ध्वस्त असताना इथली पूजा चालू राहावी म्हणून एका मराठी बाईनं इंदूरच्या राज्यातून केलेली ही सोय. माझे डोळे भरून आले, आणि हे लिहिताना संकोच वाटत नाही.

दीवला जाताना वाटेत कोडीनार लागतं. टॅक्सीवाल्याला आधीच तासभर थांबायचं सांगून ठेवा. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत शिक्षण आधी 1893 मध्ये अमरेली भागात सुरू केलं आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात नेलं. पणजोबांसारखे मास्तर या कोपऱ्यापर्यंत कसे पोहोचले, ते इथे उभं राहिल्यावर उमगलं. बाजारात एका काकांना माझा हिरवा चुडा दिसला. त्यांनी लगेच विचारलं, ‘मराठी छो?’ आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

दीवला किमान तीन रात्री हव्यात. आम्ही ‘समुद्र दिसणारी खोली’ म्हणून पैसे भरले आणि खिडकीतून दिसलं अर्धवट बांधकाम. दुसऱ्या दिवशी भांडून खोली बदलून घेतली, पण पहिली संध्याकाळ वाया गेली. आगाऊ रक्कम भरण्याआधी नेमक्या त्याच खोलीचा फोटो मागवा. दोघांचीही ओळखपत्रं जवळ ठेवा, लग्नानंतर नाव बदललं नसलं तरी काही अडत नाही. स्कूटर भाड्यानं मिळते, लायसन्स मात्र लागतं. नागोआ किनाऱ्यावर गर्दी आणि पाण्यातले खेळ, घोघला त्यामानानं निवांत. नागोआच्या रस्त्यावर फांद्या फुटलेली होका नावाची ताडासारखी झाडं दिसतील, ती जरूर थांबून पाहा. किल्ला सकाळी करा, तटावर सावली नाही. पाणीकोठा हा समुद्रातला छोटा किल्ला धक्क्यावरून सुंदर दिसतो. नायडा गुहा ही दगड काढून काढून पडलेली पोकळी आहे, वरून ऊन झिरपत असतं. दीवमध्ये दारू चालते, गुजरातेत नाही. परतताना बाटली सामानात ठेवू नका, तपासणी होते.

एक जागा आम्ही ठरवून पाहिली नव्हती, ती म्हणजे खुकरी स्मारक. 9 डिसेंबर 1971 ला दीवच्या समुद्रात ही युद्धनौका बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. सूर्यास्तापर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.

पोरबंदरकडे जाताना माधवपूरला उतरा. कृष्ण-रुक्मिणीचं लग्न इथे झालं असं मानतात आणि रामनवमीपासून त्याची मोठी जत्रा भरते. रुक्मिणी म्हणजे विदर्भाची लेक, आपल्याकडची सासरी आलेली. रस्त्याला लागूनच समुद्र आहे. नवऱ्यानं गाडी थांबवायला लावली आणि आम्ही वाळूत बसून डब्यातला थेपला खाल्ला. पोरबंदरला गांधीजींच्या जन्मघराशेजारचं कीर्तिमंदिर थोडक्यात पाहिलं, आपल्या बडोद्यातल्या गायकवाडांच्या कीर्तिमंदिराचं नाव तेच.

द्वारकेत आम्ही चुकलो. दुपारी एकला देवळाच्या दारात पोहोचलो तर दर्शन बंद, संध्याकाळी पाचला उघडणार. सकाळीच जा, आणि मधल्या वेळात गावाबाहेरचं रुक्मिणीचं वेगळं देऊळ पाहा. दुर्वासांच्या शापामुळे ती कृष्णापासून दूर राहिली अशी कथा सांगतात, आणि तिथे पाण्याचं दान करतात. बेट द्वारकेला आता होडीची वाट पाहावी लागत नाही. 2024 मध्ये सुदर्शन सेतू झाला, 2.32 किलोमीटरचा, गाडी थेट जाते. शिवराजपूरचा किनारा स्वच्छ आहे, तिथे अर्धा दिवस ठेवा. परत यायला ओख्याहून सौराष्ट्र मेल सोयीची, बडोद्याला थेट आणते. तिकीट मात्र निघण्याआधीच काढून ठेवा.

एक दिवस जास्त असेल तर जुनागढ घाला. आम्हाला जमलं नाही. गिरनारच्या वाटेवर एकाच खडकावर अशोकाचे लेख आहेत आणि इ.स. 150 चा शक राजा रुद्रदामनाचा लेखही. उन्हाळ्याआधी आम्ही त्यासाठी पुन्हा निघणार आहोत, या वेळी आजीला घेऊन.