बँडचा शेवटचा अल्बम व्हायनलवर काढताना: टेस्ट प्रेसिंगचा अनुभव

रेकॉर्डिंग, मिक्सिंग, कव्हरची छपाई सुरळीत पार पडली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घोडं पेंड खायला लागलं ते टेस्ट प्रेसिंगच्या मंजुरीपाशी. सगळ्या प्रती छापण्याआधी कारखाना पाचेक नमुना तबकड्या पाठवतो आणि सोबत एक फॉर्म. त्यात चौकटी दोनच: 'मंजूर' आणि 'नामंजूर'. आवाज कुठे फाटतोय, कसा फाटतोय, हे लिहायला जागाच नाही. पैशांचा निकाल मात्र तिथेच लागतो. दोष प्रेसिंगचा असेल तर भुर्दंड कारखान्याला. आपण पाठवलेल्या फाइलचा असेल तर नव्याने लॅकर (खाच कोरलेली मूळ तबकडी, जिच्यावरून पुढचे साचे बनतात) कापायचा खर्च आपल्या डोक्यावर. नुसतं 'नामंजूर' कळवलं की ठरलेलं उत्तर येतं, "तुमच्या फाइलप्रमाणेच कापलंय."

म्हणून आधी पुरावा जमवायचा. सगळे नमुने ओळीने ऐका. टिकटिक एकाच प्रतीवर असेल तर ती त्या प्रतीपुरती, सोडून द्या. सगळ्या प्रतींवर त्याच जागी, दर 1.8 सेकंदांनी येत असेल (मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा तेवढाच), तर दोष स्टॅम्परमध्ये (तबकड्या दाबायच्या धातूच्या साच्यात) किंवा त्याच्याही आधीच्या टप्प्यात आहे. कापड फाटल्यासारखा खरखराट, बहुधा एकाच बाजूच्या स्पीकरमधून, म्हणजे पीव्हीसी (तबकडीचं प्लास्टिक) खाचेत पुरतं भरलेलं नाही. लांबवलेला सूर हेलकावत असेल तर टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीकडे बघा. तो प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यावर नाही. हे सगळे दोष कारखान्याचे, इथे बिनधास्त भांडा.

खरी कटकट बाजूच्या शेवटच्या गाण्याची. 'स', 'श' आणि हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या जोडझांजा) तिथे थुंकल्यासारखे वाजतात, आणि यात कारखान्याचा दोष असेलच असं नाही. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम 21. तोच तीव्र स्वर निम्म्याहून कमी लांबीत कोंबला जातो. अंडरग्राउंड बँडांना तर निरोपाचं गाणं सगळ्यात लांब आणि सगळ्यात कर्कश हवं असतं, आणि ते नेमकं याच जागी येतं. गाण्यांचा क्रम बदला असं सांगायला सोपं, पण शेवटच्या अल्बमचं शेवटचं गाणं कोण हलवू देणार? मग बाजू 18 मिनिटांच्या आत ठेवा, म्हणजे कापणाऱ्याला लेबलपासून लांबच थांबता येतं. गायकाच्या ट्रॅकवर मिक्समध्येच डी-एसर ('स', 'श'चा चरचराट कमी करणारं साधन) लावा आणि व्हायनलसाठी लिमिटरने (आवाजाची शिखरं दाबणाऱ्या साधनाने) न चेपलेला वेगळा 24-बिट मास्टर द्या.

कारखान्याला दोष देण्याआधी आणखी एका टर्नटेबलवर ऐका. सुईचं अलाइनमेंट चुकलेलं असलं तरी आतल्या खाचा अशाच फाटतात. मग ईमेलमध्ये बाजू, गाणं, मिनिट-सेकंद, किती प्रतींवर, कोणत्या सुईवर हे लिहा. तबकडीवरून उतरवलेला तुकडा आणि मूळ फाइलमधला तोच तुकडा शेजारी शेजारी जोडा. चौकटीवाल्या फॉर्मला जे जमत नाही ते हे दोन तुकडे करतात.

राहिलेलं एक: 150 हर्ट्झखालचा बेस मोनो (दोन्ही बाजूंना सारखाच) करून द्या. स्टिरिओत पसरलेल्या बेसने खाच वर-खाली होते आणि सुई उडते.

मंजुरीवर सही कुणी करायची, हे बँड एकत्र असतानाच कागदावर घ्या. गाण्यांच्या हक्कांचं घोषणापत्रही तेव्हाच भरा. अल्बममध्ये दुसऱ्याचं गाणं वाजवलेलं असेल तर त्याचा परवाना लागतो. पांगलेल्या चौघांच्या सह्या जमवणं प्रेसिंगपेक्षा अवघड.

रनआउटमध्ये, म्हणजे शेवटचं गाणं आणि लेबल यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात, काही कोरून हवं असेल तर ते लॅकर कापण्याआधी कळवा, नंतर सोय नाही. 180 ग्रॅमची तबकडी हाताला भारी लागते, आवाजात त्याने फरक पडत नाही. ते पैसे चांगल्या कटिंगवर घाला. 'मदर' (लॅकरवरून बनलेली, स्टॅम्पर काढायची धातूची तबकडी) किती काळ सांभाळणार हेही विचारून ठेवा. ती असली की पुन्हा लॅकर न कापता नवे स्टॅम्पर निघतात. आणि करारातली बारीक अक्षरं वाचा: मागवलेल्या संख्येपेक्षा 10 टक्के कमी-जास्त प्रती येऊ शकतात आणि जास्तीच्या प्रतींचंही बिल लागतं.