साखळी न लावता : आमच्या गॅरेजची वाटचाल

१९९४ साली खानापूर-बेळगाव रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज उघडले, तेव्हा पान्यांचा एक संच, दोन जॅक आणि नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीचा) फवारा तपासण्याचा हातपंप एवढेच माझे भांडवल होते. पहिली सतरा वर्षे बरी गेली.

२०११ च्या पावसाळ्यानंतर एक बरीच वर्षे उभा असलेला ट्रॅक्टर आमच्याकडे आला. आमच्या भागातला पाऊस उघड्या सायलेन्सरमधून सिलिंडरमध्ये उतरतो, पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरतात आणि इंजिन जाम होते. असे इंजिन सोडवायला दिवस लागतात, हे मी मालकाला आधीच सांगितले होते. चौथ्या दिवशी त्याचा धीर सुटला व त्याने ट्रॅक्टर हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजात नेला. तिथे जाम इंजिन जबरदस्तीने फिरवायला साखळी बांधून, गिअरमध्ये टाकून तो ओढला गेला. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला, लायनर तडकला. बाजारात मात्र बोलवा उठली की, खानापूरच्या मेस्त्रीनेच इंजिन घालवले. रांगेतले सहा ट्रॅक्टर आठवड्याभरात परत गेले, भाड्यासाठी घरच्या पाटल्या गहाण पडल्या, आणि ज्यांनी हे पसरवले त्यांनी आजतागायत एका शब्दाने खुलासा केलेला नाही.

त्याच पडत्या काळात नंदगडचे एक काका त्यांच्या वडिलांचा एचएमटी झेटॉर २५११ घेऊन आले. हरियाणातल्या पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून तयार झालेला हा दोन सिलिंडरचा, २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सात पावसाळे चिंचेखाली उभा होता. ऑईल सोडले तर ते दुधाळ निघाले, म्हणजे त्यात पाणी मिसळले होते. नोझल काढून दोन्ही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑईल समभाग ओतले, आणि रोज सकाळी क्रँकच्या नटाला पाना लावून, जोर न करता, पुढे-मागे हलका ताण देत राहिलो. काका रोज येऊन शेजारी बसत. त्यांनी एकदाही घाई केली नाही. बाराव्या दिवशी पाना बोटभर सरकला. इंजिन असे मोकळे झाले, तरच पिस्टन न मोडता बाहेर येतो. लायनरना खड्डे पडले होते, म्हणून लायनर-पिस्टन नवे घातले. डिझेल पंपाचे अडकलेले एलिमेंट (डिझेल दाबणारा भाग) बेळगावला पाठवून दुरुस्त करवले, फ्लायव्हीलला चिकटलेली क्लच प्लेट सोडवली, टाकीतला गाळ धुतला आणि फिल्टरपासून नोझलपर्यंत डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली. पांढरा धूर सोडत इंजिन धरले, तेव्हा काकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

त्यांच्या शब्दावर बिडी, कक्केरीकडचे मराठी आणि कन्नड शेतकरी पुन्हा येऊ लागले. ट्रॅक्टर उभा करून ठेवणार असाल, तर सायलेन्सरवर डबा उपडा घाला आणि महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवा. एवढे केले तरी माझ्याकडे यायची वेळ येणार नाही.

२०१६ मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय झाला आणि सुटे भाग दुर्मीळ होत गेले. २५११ चे लायनरचे दोन संच मी ऑईल लावून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. चांगली किंमत देणारे येतात, पण ते काकांच्या ट्रॅक्टरसाठी आहेत.