तीसचा सांगितला होता

"नळाला हात लावला की मुंग्या येतात रे," असा पुण्याच्या कसब्यातल्या एका आजींचा फोन आला. जाऊन पाहिलं तर गिझरचं एलिमेंट फुटलेलं, वाड्याची अर्थिंग नावालाच आणि बोर्डावर अजून चिनी मातीचे किटकॅट, म्हणजे जुने फ्यूज. एलिमेंट बदलायला आजी लगेच तयार झाल्या. आरसीसीबीसाठी मात्र समजूत घालावी लागली. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत यायला हवा. मध्येच कुणाच्या अंगातून गळला, की आरसीसीबीचा डबा तो फरक ओळखून लाईन तोडतो. घरात जिवाच्या रक्षणासाठी लावायचा तो ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एवढा करंट गळला की पडणारा. १००चाही मिळतो, पण तो मेन पॅनेलला, आगीच्या धोक्यासाठी. माणसाला शॉक बसत असताना तो ढिम्म बसून राहू शकतो.

अकराला तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिक मालाच्या बाजारात पोचलो. दुकानाचं नाव लिहीत नाही.

"शेठ, आरसीसीबी, टू पोल, चाळीस अँपिअर, तीस मिली."

"थांब."

माझ्या मागून आलेल्या कॉन्ट्रॅक्टरला खुर्ची मिळाली, चहा आला. त्याची यादी दोन पानी, माझा एकच नग. धंद्याचं गणित मलाही कळतं, त्याचा राग नाही. पण चाळीस मिनिटांत तेच वाक्य मी चार वेळा बोललो आणि चौथ्यांदा ऐकून घेतलं, "एकदा सांगितलेलं कळतं रे आम्हाला." मग पोऱ्याने माळ्यावरून धुळीचा एक खोका काढून काचेवर सरकवला. खोक्यावर ३० होतं. मी झाकण उघडायला गेलो तर शेठ खेकसला, "इथे खोलत बसू नको, बाजूला हो." बिल मागितलं तर चिठोरं हातात पडलं. त्यावर 'आरसीसीबी ४०, १ नग' एवढंच आणि खाली शिक्का, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

मी बाजूला झालो. इथे चूक माझीच. वीस वर्षं पक्कड हातात आहे, खोका उघडून बघायला हवा होता. पण दहा जणांसमोर असं ऐकून घेतलं, की पाय आपोआप बाहेर वळतात.

दुपारी डबा बसवला, टेस्टचं बटण दाबलं. खट्कन पडला. आजींनी पोहे आणले. हत्यारं आवरताना सहज टॉर्च मारला, तर डब्याच्या तोंडावर बारीक अक्षरात शून्य पॉइंट एक अँपिअर. म्हणजे १०० मिली. तीसच्यावर शून्य पॉइंट शून्य तीन असतं. खोका तीसचा, आत माल भलताच. टेस्टच्या बटणाने हे कळणारच नव्हतं. ते त्या त्या डब्याला पाडण्याइतका फरक आतल्या आत तयार करतं, म्हणून १००चाही तसाच खट्कन पडतो. हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला.

डबा काढला. आजींना गिझर चालू करू नका म्हणून बजावलं आणि पुन्हा गल्ली गाठली. शेठने डबा उलटा केला, टर्मिनलच्या स्क्रूवर माझ्याच पेचकसाचे ओरखडे दाखवले. "लावलेला माल कोण घेणार? आणि चिठ्ठीवर कुठे लिहिलंय तीस?" खरंच लिहिलेलं नव्हतं. पक्कं बिल नाकारणं २०१९च्या ग्राहक कायद्यात अनुचित प्रथा ठरते, हे मला माहीत होतं. बोललोही. तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला, "बोला साहेब."

चार दुकानं सोडून दुसरा घेतला. तिथल्या पोराने न सांगता डबा बाहेर काढून माझ्यासमोर धरला, "पॉइंट शून्य तीन, बघून घ्या काका." आजींकडून एकाचेच पैसे घेतले. १००वाला अजून माझ्या पिशवीत आहे.

पुढच्या आठवड्यात मी त्याच पहिल्या काउंटरला उभा होतो, हेही सांगायला हवं. वायरीच्या ९० मीटरच्या कॉइल इतर ठिकाणापेक्षा तिथे स्वस्त पडतात. सोबत दोन एमसीबी, म्हणजे जास्त लोडला पडणारे स्विच, घेतल्या. या वेळी पैसे मुठीत धरले आणि दोन्ही खोकी तिथेच काचेवर फोडली. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, आवरा की!"

"आवरतोय," म्हणालो आणि दुसरी एमसीबी उजेडाकडे धरली.