दोन कार्डं कसाले?

"एकच पोऱ्या, मंग दोन कार्डं कसाले?" अमळनेरला आज एका आजीबाईंनी पिशवीतून नातवाच्या लसीकरणाची दोन कार्डं काढली. एक आशाताईंनी दिलेलं, एक खासगी दवाखान्याचं.

प्रश्न अगदी रास्त.

खासगी कार्डावरचं वेळापत्रक बहुतेक वेळा भारतीय बालरोग अकादमीचं असतं. 1963 साली बालरोगतज्ज्ञांच्या दोन जुन्या संघटना एकत्र येऊन ही राष्ट्रीय संस्था झाली. आशाताईंचं कार्ड सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचं, तो 1985 चा. अकादमी सल्ला देते, कायदा करत नाही. म्हणून तिच्या यादीत कांजिण्या, कावीळ-अ अशा जादा लसी दिसतात, त्या विकतच्या.

खरी गडबड नवव्या महिन्यात होते. सरकारी केंद्रात एमआर, म्हणजे गोवर-रुबेला. अकादमीच्या यादीत त्याच वयाला एमएमआर, म्हणजे वर गालगुंडही. अंगणवाडीत एमआर टोचली आणि दहा दिवसांनी दवाखान्यात फक्त खासगी कार्ड दाखवलं, की तीच लस पुन्हा. या दोन्ही जिवंत लसी, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत विषाणूंच्या. टोचून घ्यायच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी चालतात, नाहीतर मध्ये किमान 4 आठवडे हवेत. एमआर झाली असेल तर नवव्या महिन्याचं काम झालं. गालगुंडाचं पंधराव्या महिन्याच्या एमएमआरला बघता येतं.

आणि डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात नको, राहिला तिथून पुढे. (हे निम्म्या आयांना कुणी सांगितलेलंच नसतं.)

आजीबाईंनी दोन्ही कार्डं एकाच रबराने बांधली. तुमच्या घरातली कुठे आहेत?