फियाट ११०० मोटारीचं इंजिन, १०८९ सीसी: तळाचं काम, जुने बेअरिंग शेल तपासून झाले

सद्यस्थिती: चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) उतरलं, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) बाहेर, शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) क्रमाने मांडलेले. नवा बेअरिंग सेट अजून घेतलेला नाही. जुना सेट कशाने गेला हे कळण्याआधी नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

पूर्वी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायचं ते हे इंजिन ६८ मि.मी. बोअर, ७५ मि.मी. स्ट्रोकचं, आणि मेन बेअरिंग, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारे, फक्त तीन. दोन आणि तीन नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर-खाली होतात, दोघांचा झटका मधल्या मेनवर एकत्र येतो. म्हणून आधी मधला मेन बघायचा.

शेल काढतानाच पाठीवर मार्करने नंबर आणि ‘वर/खाली’ लिहावं. स्फोटाचा मार रॉडमध्ये (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वरचा शेल घेतो, मेनमध्ये खालचा, म्हणजे कॅपमधला (बोल्टने आवळायची खालची अर्धी बैठक). तिथे मधोमध थोडी सारखी झीज असेल तर चिंता नाही.

मधल्या मेनच्या खालच्या शेलमध्ये गोल दिशेने चरे आणि रुतलेले कण आहेत. हा कचरा. क्रँक ग्राइंड केल्यावर तेलाची भोकं न धुतल्याने असा कचरा हमखास राहतो. नुसता हवेचा फवारा पुरत नाही. गॅलरीचे (तेलाच्या आतल्या वाटांचे) प्लग काढून बारीक ब्रश आणि रॉकेल, मग हवा.

तीन नंबर रॉडच्या वरच्या शेलची एक कड घासलेली, खालच्याची समोरची. रॉड वाकलाय. जिगवर (सरळपणा तपासायच्या साच्यावर) तपासून सरळ करायचा किंवा बदलायचा, आणि बदललाच तर वजन बाकीच्या तिघांशी जुळवायचं.

सगळ्यात वाईट दोन नंबरचा रॉड. जिथे दोन शेल जुळतात तिथे दोन्हीकडे तांबं उघडं पडलंय, तळ मात्र शाबूत. कॅप घासलेली आहे. आवाज बंद करायला कॅप घासणं हा स्वस्त आणि इंजिनाचा जीव घेणारा उपाय. भोक अंडाकृती होतं, शेल गरजेपेक्षा जास्त दाबला जाऊन जोडाजवळ आत फुगतो आणि तिथली तेलाची फिल्म तुटते. खात्री करायला शेलशिवाय कॅप ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळून बोअर गेजने उभं आणि आडवं माप घ्यायचं. उभं कमी भरलं की निदान पक्कं. मग बिगएंड (रॉडचं क्रँककडचं तोंड) पुन्हा मूळ मापाला बोअर करून घेणं भाग आहे. शेलमागे पत्रा किंवा कागद घालणं तितकंच घातक, कारण शेलची उष्णता रॉडमध्ये उतरत नाही.

पुढचा टप्पा क्रँकचा. प्रत्येक जर्नल (क्रँकचा शेलमध्ये फिरणारा गोल भाग) लांबीत दोन ठिकाणी आणि ९० अंशांत दोनदा मोजायचं. ओव्हॅलिटी (अंडाकारपणा) ०.०२५ मि.मी.च्या वर गेली तर ग्राइंडिंग. बिगएंडचं एक जर्नल कापलं तर चारही त्याच अंडरसाइजला (मूळपेक्षा कमी मापाला). ग्राइंडरला फिलेटची (जर्नलच्या कडेच्या कोपऱ्याची) गोलाई मूळइतकीच ठेवायला बजावून सांगावं. कमी झाली तर क्रँक तडकतो, जास्त झाली तर शेलची कड त्यावर चढते.

क्लिअरन्स (शेल आणि जर्नलमधली मोकळीक) ढोबळमानाने जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग, ५० मि.मी.ला ०.०५. ती प्लास्टिगेजने (दाबून मोजायचा प्लास्टिकचा मऊ धागा) बघताना शेल कोरडा हवा आणि क्रँक अजिबात फिरवायचा नाही.

इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रामही (आतला लवचिक पडदा) आत्ताच बदलायचा. तो फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं, आणि पातळ झालेल्या तेलात नवे शेल फार टिकत नाहीत.